टायगर फ्लॉवर्स

थिओडोर 'टायगर' फ्लॉवर्स (मृत्यू: १६ नोव्हेंबर १९२७, न्यू यॉर्क) हे अमेरिकन व्यावसायिक मुष्टियोद्धे होते. मिडलवेट गटाचे जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू होत. डावखुऱ्या शैलीसाठी ते विशेष ओळखले जातात.

पूर्वायुष्य

जॉर्जिया राज्यातील कॅमिला हे त्यांचे जन्मगाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या जहाजबांधणी कारखान्यात काम करत असताना ते मुष्टियुद्धाकडे वळले. पुढे अटलांटा येथे वॉक मिलर हे त्यांचे व्यवस्थापक झाले. फ्लॉवर्स धर्मनिष्ठ होते. चर्चमधील सेवेमुळे त्यांना 'जॉर्जिया डीकन' असेही म्हटले जाई.

शैली

बहुतेक मुष्टियोद्धे डावा पाय व डावा हात पुढे ठेवून उभे राहतात; फ्लॉवर्स यांचा उजवा पुढे असे. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर नेहमीच्या खेळाडूची सारी गणिते उलटी होतात. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येऊन एकमेकांत अडकतात, डाव्या हाताचा सरळ ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या हातावर अडतो आणि ज्या बाजूने येण्याची सवय नाही त्या बाजूने जोरदार ठोसा येतो. डावखुऱ्यांना मात्र उजव्या हाताच्या खेळाडूंशी लढण्याचा रोजचाच सराव असतो. त्यामुळे अनेक व्यवस्थापक डावखुऱ्यांशी लढत ठरवणेच टाळत. डावखुऱ्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरून सरकून उजव्या हाताचा सरळ ठोसा मारणे, हा त्यावरचा जुना उपाय. उजव्या ठोशासाठी प्रसिद्ध असलेल्या जॅक डेलेनी यांनी १९२५ मध्ये फ्लॉवर्स यांना दोनदा बाद केले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. वेग व ठोशांचा अखंड मारा हे फ्लॉवर्स यांचे बळ होते. ते उघड्या ग्लोव्हने चापट्या मारतात, अशी टीकाही होई.

जगज्जेतेपद

१९१५ मध्ये जॅक जॉन्सन यांनी हेवीवेट किताब गमावल्यानंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंना किताबाची लढत मिळणे जवळजवळ अशक्य झाले होते. वर्णद्वेषाच्या जोडीला डावखुरेपण, म्हणजे फ्लॉवर्स यांना टाळण्यास दोन कारणे होती. तरीही २६ फेब्रुवारी १९२६ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १५ फेऱ्यांच्या लढतीत त्यांनी विजेते हॅरी ग्रेब यांचा गुणांवर पराभव केला. ग्रेब यांची एका डोळ्याची दृष्टी तेव्हा गेलेली होती. हे त्यांच्या मृत्यूनंतरच सर्वज्ञात झाले. ऑगस्टमधील परतीची लढतही फ्लॉवर्स यांनी जिंकली.

३ डिसेंबर १९२६ रोजी शिकागो येथे मिकी वॉकर यांच्याविरुद्धच्या १० फेऱ्यांच्या लढतीत त्यांनी किताब गमावला. फ्लॉवर्सच वरचढ होते, असे अनेक उपस्थित पत्रकारांचे मत होते. निर्णयाची चौकशी झाली. निकाल मात्र कायम राहिला.

मृत्यू

वॉकर यांच्याशी पुन्हा लढण्याची संधी मिळण्याआधीच, डोळ्यांजवळील जुन्या जखमांच्या व्रणांवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर फ्लॉवर्स यांचे निधन झाले. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९२६ मध्ये, ग्रेब यांचाही शस्त्रक्रियेनंतरच मृत्यू झाला होता. अटलांटा येथे फ्लॉवर्स यांच्या अंत्यदर्शनासाठी हजारो लोक जमले. १९९३ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.