पावसचे स्वामी स्वरूपानंद आणि सोऽहं साधना

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे २० कि.मी. अंतरावर पावस हे निसर्गरम्य गाव वसलेले आहे. प.पू. स्वामी स्वरूपानंदांचे हे जन्मस्थान, तसेच त्यांचे समाधिस्थानही होय. दि. १५ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. रामचंद्र विष्णु गोडबोले हे त्यांचे मूळ नाव. शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. परंतु असहकाराच्या चळवळीने भारावून त्यांनी शाळेचा त्याग केला आणि गावी परतून मुलांसाठी स्वावलंबनाचे शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्यांना येरवड्याचा कारावासही घडला.

तत्पूर्वीच, १९२३ साली, पुण्यात श्रीगणेशनाथ तथा बाबा महाराज वैद्य यांच्याकडून त्यांना अनुग्रह लाभला होता. नाथपंथातून श्रीज्ञानेश्वर माउलींकडे आणि तेथून शिष्यपरंपरेने आलेली सोऽहं साधना त्यांना प्राप्त झाली. चळवळीच्या धामधुमीतही ती त्यांनी सोडली नाही.

खरी कसोटी १९३४ साली लागली. स्वामी पावस येथे गंभीर आजारी पडले. शरीर इतके क्षीण झाले की मृत्यू समोर उभा ठाकला. ज्या साधकाला आसन घालून बसणेही अशक्य, त्याने ध्यान कसे करावे? या प्रश्नाचे उत्तर स्वामींना अंथरुणावरच मिळाले. हात-पाय चालेनासे झाले तरी श्वास चालूच होता, आणि साधना तर श्वासाचीच होती. या दुखण्यातील अनुभव त्यांनी पुढे ‘अमृतधारा’ या साकीबद्ध ग्रंथात शब्दबद्ध केला. ते दुखण्यातून उठले. तथापि प्रकृती कायमची नाजूक राहिली. देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरी त्यांनी सुमारे ४० वर्षे वास्तव्य केले व पावस सोडून ते कोठेही गेले नाहीत.

दर्शनास येणाऱ्यांत शेतकरी, शिक्षक, नोकरदार, गृहिणी असे प्रापंचिकच अधिक असत. स्वामींनी कोणालाही घरदार सोडण्यास सांगितले नाही. माउलींची जुनी मराठी सर्वसामान्यांना कठीण वाटते हे जाणून त्यांनी ‘अभंग ज्ञानेश्वरी’ सिद्ध केली. साधनेच्या बाबतीतही त्यांची दृष्टी हीच होती.

ध्यान आपणास जमणार नाही, असे अनेक भाविक बसण्यापूर्वीच ठरवून टाकतात. त्यांच्यासाठी या साधनेचे बाह्य स्वरूप येथे थोडक्यात देत आहोत. मांडी घालून बसावे. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसण्यास हरकत नाही. पाठ ताठ, पण अंग सैल असावे. खांदे, जबडा आणि कपाळ यांवरील ताण सोडावा. डोळे अलगद मिटावेत. श्वास कोंडू नये, लांबवूही नये. तो जसा येतो-जातो तसा केवळ पाहावा. आत येताना ‘सो’ आणि बाहेर जाताना ‘हं’ असा ध्वनी श्वासात आहेच, अशी भावना ठेवावी. तोंडाने उच्चार करावयाचा नसल्याने यास अजपाजप म्हणतात. मिनिटास १५ याप्रमाणे अहोरात्रीत २१,६०० श्वास होतात, अशी परंपरेतील गणना आहे. म्हणजे जप अखंड चाललेलाच असतो, लक्ष मात्र आपण द्यावयाचे.

मन भटकेल, आणि पुन्हा पुन्हा भटकेल. नवख्या साधकाची निराशा येथेच होते. परंतु मन भटकल्याचे ध्यानी येणे हाच साधनेचा भाग आहे. रागावून न घेता पुढच्या श्वासाकडे वळावे. आरंभी ५ ते १० मिनिटे पुरेत. ठरावीक वेळ व ठरावीक जागा यांचा लाभ फार होतो. या परंपरेत रीतसर दीक्षा सद्गुरूंकडूनच घेतली जाते. श्वासाकडे पाहण्याचा अभ्यास मात्र कोणीही करू शकतो.

दि. १५ ऑगस्ट १९७४ रोजी स्वामींनी देह ठेवला. पावस येथे त्यांचे समाधिमंदिर असून ‘अनंत निवास’ही भाविक श्रद्धेने पाहतात. दर्शन झाल्यावर लगेच वाहनाकडे न वळता मंदिरात एका कडेला काही मिनिटे स्वस्थ बसावे. भ्रमणध्वनी तेवढा आधी बंद करावा.