ताराबाई शिंदे : एका पहिल्या पुस्तकाचे चरित्र

३.१ प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना आपण बहुधा मुंबई आणि पुणे या दोन शहरांतील ग्रंथकारांकडे पाहतो. या घटकात आपण वऱ्हाडातील एका लेखिकेचे चरित्र अभ्यासणार आहोत. तिने आयुष्यात एकच पुस्तक प्रसिद्ध केले. 'स्त्री-पुरुष तुलना' हे ते पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि त्याची दुसरी आवृत्ती निघायला १९७५ साल उजाडले. या लेखिकेचे नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंच्या विचारांची चर्चा स्त्रीवादी समीक्षेत विपुल झाली आहे. येथे आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. छापखान्यापासून दूर राहणाऱ्या, साहित्यवर्तुळात ओळख नसलेल्या स्त्रीचे पहिले पुस्तक प्रसिद्ध होण्यासाठी कोणत्या गोष्टी जुळून याव्या लागल्या? आणि पहिल्या पुस्तकानंतर दुसरे का आले नाही? या दोन प्रश्नांच्या आधारे आपण हे चरित्र वाचू.

३.२ वऱ्हाड, घर आणि शिक्षण

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. प्रांताच्या पश्चिम टोकाला बुलढाणा होते, तर आग्नेय टोकाला वणी जिल्हा होता. पुढे १९०५ सालच्या पुनर्रचनेत याच वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापसाचा व्यापार, नवी महसूलव्यवस्था आणि १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेली रेल्वे यांमुळे या प्रांताचे जीवन वेगाने बदलत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर लिहिण्या-वाचण्यावर उपजीविका करणारा नोकरदार वर्गही निर्माण झाला.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे याच वर्गातले होते. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. मराठा कुटुंब, थोडीफार शेती आणि सरकारी नोकरी असे त्यांचे सांपत्तिक चित्र होते. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांशी त्यांचा निकटचा संबंध होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बापूजी स्वतः ग्रंथकार होते. १८७१ साली त्यांनी 'हिंट टु द एज्युकेटेड नेटिव्हज' हे पुस्तक प्रसिद्ध केले होते. लिहिलेला मजकूर छापता येतो, त्यासाठी कोणाकडे जावे लागते, खर्च किती येतो, या गोष्टी या घरात ऐकीव राहिल्या नव्हत्या.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. चार भावांमध्ये त्या एकुलत्या एक मुलगी होत्या. वडिलांनी त्यांना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. त्यांचा विवाह झाला, पण पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी राहिले. त्यामुळे सासरी गेल्यावर मुलीचे वाचन थांबते, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव त्यांच्या वाट्याला आला नाही. तरीही घरंदाज मराठा कुटुंबातील स्त्रीला घराबाहेर वावरण्याची मुभा नव्हती. आपल्या प्रास्ताविकात ताराबाईंनी या बंदिस्तपणाचा उल्लेख स्पष्टपणे केला आहे. म्हणजे वाचनाला मोकळीक आणि वावराला बंधन, अशा दुहेरी परिस्थितीत ही लेखिका घडली.

३.३ लेखनाचे निमित्त

१८८१ साली सुरत येथील सत्र न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद, गर्भ राहिल्यास समाजातून बहिष्कार, अशा कोंडीत तिने आपल्या नवजात अर्भकाची हत्या केली होती. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेची केली आणि पुढे सरकारने ती पाच वर्षांवर आणली. या प्रकरणाची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. 'पुणे वैभव' या पत्राने या निमित्ताने एकूण स्त्रीजातीवरच दोषारोप केले.

बुलढाण्यात हे वाचून ताराबाईंनी लेखणी हाती घेतली. त्यांच्या निबंधाचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. जे दुर्गुण केवळ स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत अधिक प्रमाणात आढळतात. तरीही शिक्षा मात्र स्त्रीलाच होते. विधवेला पुनर्विवाहाची बंदी करणारा पुरुष स्वतः पत्नीच्या मृत्यूनंतर लगेच दुसरा विवाह करतो. त्यांनी पुराणकथांचे दाखले तपासले, तसेच समकालीन साहित्याचीही झडती घेतली. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' आणि 'मनोरमा' या त्या काळच्या लोकप्रिय कृतींतील स्त्रीचित्रण आणि प्रत्यक्ष स्त्रीजीवन यांतील अंतर त्यांनी दाखवले. या अर्थाने मराठीतील आरंभीच्या स्त्री-समीक्षकांत त्यांची गणना करावी लागते.

पुस्तकाचे पूर्ण शीर्षक लांबलचक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हे स्पष्ट करून दाखवण्याचा हेतू त्यात नोंदवला आहे. आजच्या वाचकाची येथे गफलत होऊ शकते. 'साहस' या शब्दाचा येथील अर्थ शौर्य असा नाही. मर्यादा ओलांडून केलेले अविचारी, निंद्य कृत्य हा त्याचा जुना अर्थ येथे अभिप्रेत आहे. खरा मर्यादाभंग कोण करतो, असा प्रश्न हे शीर्षक विचारते.

३.४ हस्तलिखितापासून छापील पुस्तकापर्यंत

त्या काळी प्रकाशन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून पुरता स्थिरावला नव्हता. ग्रंथकाराने छपाईचा खर्च स्वतः करावा, आगाऊ वर्गणीदार गोळा करावेत, एखाद्या संस्थानिकाचा किंवा धनिकाचा आश्रय मिळवावा, अथवा सरकारच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडून पारितोषिक मिळवावे, असे मार्ग होते. यांपैकी बहुतेक मार्ग ओळखीपाळखीवर आणि शिफारशीवर चालत. फुल्यांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले होते आणि ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. जेथे फुल्यांची ही स्थिती, तेथे वऱ्हाडातील एका अपरिचित स्त्रीने त्या कमिटीकडून फारशी अपेक्षा ठेवावी असे काही नव्हते.

छापण्याची प्रक्रियाही सोपी नव्हती. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचे पान बांधायचे, कच्चे मुद्रित काढून ते तपासायचे, अशी ती पद्धत होती. देवनागरीतील काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्याचे काम किचकट होई. मराठी ग्रंथव्यवहाराची मुख्य केंद्रे मुंबई आणि पुणे ही होती. बुलढाण्यापासून पुणे साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. रेल्वेचे जवळचे स्थानक म्हणजे मलकापूर. तेथून भुसावळ, मनमाडमार्गे पुणे गाठावे लागे. वणी-यवतमाळकडील लिहिणाऱ्याला तर हा प्रवास आणखी लांबचा होता.

या सर्व अडचणी ओलांडून १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून तयार झाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे, म्हणजे अर्ध्या रुपयाहून थोडी अधिक. १८६७ च्या कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होत असे. आपल्या नावाने, टोपणनावाचा आडोसा न घेता, ताराबाई शिंदे मराठी ग्रंथकारांच्या यादीत दाखल झाल्या.

प्रास्ताविकात त्यांनी हा आपला पहिलाच प्रयत्न असल्याचे सांगितले आहे आणि भाषा कडक झाली असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे, अशी विनंतीही केली आहे. मात्र पुढील मजकुरात त्यांनी कोठेही हात आखडता घेतलेला नाही. घरगुती म्हणी, थेट संबोधन, उपरोध आणि एका दमात वाचावी लागणारी लांब वाक्ये हे त्यांच्या गद्याचे विशेष आहेत. त्या काळच्या निबंधकारांचे गद्य संस्कृत आणि इंग्रजी वळणाचे होते. ताराबाईंचे गद्य मात्र बोलीच्या जवळ राहते. नवख्या लेखिकेची नम्रता आणि अनुभवसंपन्न स्त्रीचा संताप ही दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी-शेजारी आढळतात.

३.५ एकाच वर्षातील दोन पहिली पुस्तके

तुलनेसाठी आणखी एक पुस्तक लक्षात घ्यावे. याच १८८२ साली, याच पुणे शहरात पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. रमाबाईंना कलकत्त्याच्या पंडितांनी गौरवले होते. पुण्यातील सुधारकांनी त्यांचे स्वागत केले होते आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली होती. त्यांच्या पुस्तकाच्या उत्पन्नातून १८८३ सालच्या इंग्लंडप्रवासाला हातभार लागला. पुस्तकाचा सूरही स्त्रियांना स्वसुधारणेचा उपदेश करणारा असल्याने सुधारकांना तो रुचणारा होता.

ताराबाईंजवळ व्यासपीठ नव्हते, संस्था नव्हती आणि त्यांचा सूर कोणालाच रुचणारा नव्हता. सनातन्यांबरोबर त्यांनी सुधारकांनाही धारेवर धरले होते. सभा भरवून भाषणे करणारे सुधारक घरातील स्त्रीसाठी काय करतात, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. दोन्ही लेखिका नवोदित, दोन्ही विदुषी. पण एकीच्या पुस्तकामागे वाचकवर्ग उभा होता आणि दुसरीला तो स्वतः निर्माण करावा लागणार होता. पुस्तकाचे भवितव्य ठरवण्यात गुणवत्तेइतकाच या फरकाचा वाटा असतो.

३.६ स्वागत, उपहास आणि मौन

ताराबाईंच्या पुस्तकाला उपहास सहन करावा लागला. त्यांच्याच सत्यशोधक परिवारातील एका संपादकानेही त्यांची संभावना केली. तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८५ साली त्यांनी 'सत्सार' या नियतकालिकाचे दोन अंक काढले. पहिल्या अंकात त्यांनी पंडिता रमाबाईंची बाजू घेतली, तर दुसऱ्यात ताराबाईंचा कैवार घेऊन त्यांच्या टीकाकारांची हजेरी घेतली. ताराबाईंचा उल्लेख त्यांनी वडीलकीच्या मायेने केला आहे. येथे ध्यानात घ्यावे, की फुले स्वतःही त्या काळात प्रकाशनाच्या अडचणींतून जात होते. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'चे आरंभीचे भाग छापल्यावर 'दीनबंधू'ने पुढील भाग छापण्याचे थांबवले होते.

फुल्यांचा पाठिंबा मोलाचा होता, पण तो एकटा होता. 'स्त्री-पुरुष तुलना'नंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पाचशे प्रती वाचकांच्या स्मरणातून गेल्या होत्या. पुढील अर्धशतकात वाङ्मयेतिहास लिहिले गेले. त्यांत या नावाला स्थान मिळाले नाही.

१९७५ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, संशोधक डॉ. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक संपादून पुन्हा प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीनंतर ९३ वर्षे लोटली होती. १९९४ साली रोझालिंड ओ'हॅनलन यांनी त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद केला आणि जगभरच्या विद्यापीठांत ते अभ्यासले जाऊ लागले. एक प्रत टिकून राहिली, म्हणून हे सर्व शक्य झाले. छापील पुस्तकाचे सामर्थ्य ते हेच.

३.७ समारोप

ताराबाईंच्या चरित्रावरून असे दिसते, की पुस्तक छापले जाणे आणि ते प्रकाशात येणे या दोन निराळ्या घटना आहेत. पहिलीसाठी त्यांना वडिलांनी दिलेले शिक्षण, घरातील ग्रंथलेखनाचा अनुभव, पुण्याचा छापखाना आणि स्वतःचे धैर्य उपयोगी पडले. दुसरीसाठी वाचक लागतो. तो त्यांना हयातीत पुरेसा भेटला नाही आणि त्याची किंमत मराठी साहित्याने मोजली. ताराबाईंनी लिहिली असती अशी पुस्तके आज आपल्याजवळ नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे डॉ. अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन याच जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका विधवा भगिनीने केले. वऱ्हाडातील विधवेचे दुःख साहित्याच्या मंचावरून तिच्याच तोंडून ऐकले गेले. १८८२ साली एका विधवेवरील अन्यायाने अस्वस्थ होऊन वऱ्हाडातून लिहिल्या गेलेल्या पुस्तकाशी या प्रसंगाचे नाते जोडून पाहावे, म्हणजे ताराबाईंचा प्रश्न अद्याप जुना झालेला नाही, हे आपल्या ध्यानात येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ताराबाईंच्या लेखनाला त्यांच्या घरातील वातावरणाचे कोणते साहाय्य झाले आणि कोणत्या मर्यादा पडल्या, ते स्पष्ट करा.

२. १८८२ साली नवोदित ग्रंथकारापुढे प्रकाशनाचे कोणते मार्ग होते? ताराबाईंच्या संदर्भात विवेचन करा.

३. 'स्त्रीधर्मनीति' आणि 'स्त्री-पुरुष तुलना' या दोन पहिल्या पुस्तकांच्या वाट्याला आलेल्या भिन्न स्वागताची कारणे सांगा.

४. उपक्रम : आपल्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाला भेट द्या. आपल्या परिसरातील एखाद्या लेखक-लेखिकेच्या पहिल्या पुस्तकाचा छापखाना, वर्ष, किंमत आणि प्रतिसंख्या यांची नोंद करून त्यावर एक पानाचे टिपण लिहा.