चौंडीची लेक आणि मरणाची भीती

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब होते, तेव्हा सांभाळून घ्या.

मी जामखेडची. चौंडी आमच्याच तालुक्यातलं गाव. शाळेत असताना अहिल्याबाई होळकर म्हणजे हातात महादेवाची पिंड घेतलेली, पांढऱ्या साडीतली राणी, एवढंच मला माहीत होतं. गेल्या वर्षी सेमिस्टर चालू असताना माझे आजोबा गेले. तेव्हापासून रात्री उशिरा घरून फोन आला की पोटात गोळा येतो. आता कोण, हाच पहिला विचार. सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीच्या कपाटात अहिल्याबाईंचं चरित्र सापडलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं.

31 मे 1725 रोजी चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहान वयातच मल्हारराव होळकरांची सून होऊन त्या माळव्यात गेल्या. 1754 मध्ये भरतपूरजवळच्या कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा 28 वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी विनवणी करून सुनेला थांबवलं आणि त्या थांबल्या.

मला वाटायचं, जो मरायला घाबरत नाही तो शूर. पण मरायला तर त्या तयारच होत्या! अवघड होतं ते मागे राहणं. 1766 मध्ये मल्हारराव गेले. मुलगा मालेराव गादीवर बसला, तोही वर्षभरात गेला. होळकरांच्या दौलतीवर राघोबादादांची नजर होती. अशा वेळी या बाईंनी कारभार हातात घेतला, फौज तुकोजी होळकरांकडे सोपवली आणि महेश्वरला बसून जवळजवळ 28 वर्षं राज्य केलं. रोज दरबार, रयतेची गाऱ्हाणी, हिशेब. देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. काशीचा मणिकर्णिका घाटही त्यांनी बांधून काढला. तिथे आजही रात्रंदिवस चिता जळत असतात.

पण खरी परीक्षा म्हातारपणी झाली. आधी नातू गेला, मग 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे. लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे माळव्यात माहिती गोळा करून हा प्रसंग लिहून ठेवलाय. आईने खूप समजावलं. मुक्ताचं म्हणणं एवढंच, की आई आता थकली, तीही काही वर्षांत जाईल, मग आपण कोणासाठी जगायचं? सासऱ्यांच्या शब्दाखातर जी स्वतः मागे फिरली होती, तिला पोटच्या पोरीला मागे फिरवता आलं नाही. त्या चितेपर्यंत सोबत गेल्या. नंतर तीन दिवस अन्न नाही, कोणाशी शब्द नाही. सतीबंदीचा कायदा यायला अजून 38 वर्षं होती.

इथे मी पुस्तक मिटून बसून राहिले. देवी वगैरे म्हणतात त्यांना, पण ते तीन दिवस एका साध्या आईचे होते. त्यानंतर त्या परत कामाला लागल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरला त्यांचं निधन झालं.

खरं सांगायचं तर, हे वाचून माझी भीती गेली नाही. पण एक कळलं. भीती जाईपर्यंत थांबायचं नसतं. रडायचं तेवढं रडायचं, तीन दिवस गप्प बसावंसं वाटलं तर बसायचं, आणि मग जे मागे उरलेत त्यांच्यासाठी उठायचं.

परवा रात्री परत घरून फोन आला. गोळा आलाच पोटात. पण या वेळी पहिल्याच रिंगला उचलला. आजी होती. जेवलीस का, विचारत होती.