हवेचे चाक घडविणारा पशुवैद्य

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, म्हैसमाळच्या दिशेने निघणाऱ्या सायकलस्वारांपुढे आता एक निवड असते : चाकात ट्यूब ठेवावी की ट्यूबलेस टायर चढवावा? बाभळीच्या काट्यांच्या मुलखात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. त्याचा उगम मात्र बेलफास्ट शहरातील एका पशुवैद्याच्या अंगणात झाला.

जॉन बॉयड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिनबरोत पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते पुढे आयर्लंडमध्ये स्थिरावले आणि बेलफास्ट येथे त्यांनी मोठा व्यवसाय उभारला. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. १८८७ मध्ये मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर हादरे खाते, हे पाहून त्यांनी एका लाकडी चकतीभोवती पातळ रबराची नळी बसवली, तिच्यावर कापडाचे वेष्टन ठोकले आणि आत हवा भरली. मग ती चकती आणि सायकलीचे भरीव रबराचे चाक अंगणात घरंगळत सोडले. भरीव चाक मध्येच आडवे पडले. चकती अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आदळली.

कारण साधेच होते. भरीव रबराखाली खडा आला की चाकासह स्वारही उचलला जातो आणि त्यात जोर वाया जातो. हवेची नळी तेवढ्याच जागी दबते आणि पुन्हा फुगते. १८८८ च्या जुलैमध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला व डिसेंबरमध्ये ते मिळाले. (त्याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या धंद्याला हात घातला होता.) १८ मे १८८९ रोजी विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यती हवेच्या टायरांवर जिंकल्या. पराभूतांत हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या उद्योजकाचे पुत्र होते. द्यू क्रो यांनी चिडण्याऐवजी भांडवल उभे केले आणि त्याच वर्षी कंपनी स्थापन झाली.

आणि मग घाव बसला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. थॉमसन यांची चाके घोडागाड्यांसाठी होती. सायकलींचा काळ यायचा होता, म्हणून ती कल्पना विस्मरणात गेली. डनलॉप यांना तिचा पत्ताही नव्हता. पण कायदा अज्ञान जमेस धरत नाही. त्यांचे मूळ पेटंट निष्प्रभ ठरले. कंपनी तगली ती वेल्च आणि बार्टलेट यांची पेटंटे विकत घेऊन.

या दोघांचे श्रेय सहसा कोणी देत नाही. डनलॉप यांचा पहिला टायर चाकाला पक्का जखडलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे सारे सोलून पुन्हा जोडणे. वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घातली, बार्टलेट यांनी रिमच्या ओठात अडकणारी कड केली, तर फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला. ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावण्याची सोय तेव्हापासूनची. ट्यूबलेस टायरने याच कडेला हवाबंद केले आणि आतली नळी काढून टाकली. मोटारींनी हा बदल विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीकारला, रस्त्यावरच्या सायकलींपर्यंत पोहोचायला एकविसावे शतक उजाडले. बारीक काट्याचे भोक आतील द्रव स्वतःच बुजवतो आणि रिम व दगड यांमध्ये ट्यूब चिमटण्याची भीती उरत नाही, म्हणून कमी हवेवरही चालते. परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो द्रव लवकर सुकतो, वेळोवेळी भरावा लागतो. टायर रिमवर बसविणेही मनगटाची परीक्षा पाहते. टायर मोठा फाटलाच, तर शेवटी आत ट्यूबच घालावी लागते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पुरेसा आहे. काट्याकुट्यांच्या आडरस्त्याने लांब जाणाऱ्याने मात्र ट्यूबलेसचा खर्च सोसावा.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी आपले भाग विकले. पुढच्याच वर्षी ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या रकमेतील काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. उत्तरायुष्यात डब्लिनमधील एका कापड व्यवसायात त्यांचा सहभाग होता. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला, तो त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या नावाचे टायर मोटारींनाही लागले होते.