शरीरात नेमकं काय होतं, हे मोजण्यासाठी लोणावळ्यात प्रयोगशाळा काढणारे स्वामी कुवलयानंद

लोणावळा म्हटलं की आपल्याला आठवतात चिक्की, भुशी डॅम आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक. पण मावळ तालुक्यातल्या याच गावात १०० वर्षांपूर्वी एक वेगळाच उद्योग सुरू झाला होता. माणसं योगक्रिया करायची आणि त्या वेळी त्यांच्या पोटातला दाब, त्यांच्या श्वासातले वायू यंत्रांनी मोजले जायचे.

प्राणायामानं जास्त ऑक्सिजन मिळतो, अमुक आसनानं पचन सुधारतं, तमुक क्रियेनं चयापचय वाढतो, असे दावे आज रोज आपल्या फीडवर येतात. हे कशावरून, असा प्रश्न त्या काळात विचारणारा माणूस स्वतः योगीच होता. त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद.

गुणे ते कुवलयानंद

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घर मराठी आणि परिस्थिती बेताची. १९०३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठी मानाची समजली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली.

बडोद्यात शिकताना ते जुम्मादादा व्यायामशाळेच्या प्रा. माणिकराव यांच्या तालमीत तयार झाले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षणाचं काम केलं. नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासजींकडून ते योग शिकले.

गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा परिणाम त्यांना स्वतःच्या शरीरावर जाणवत होता. पण तो कसा होतो, याचं शरीरशास्त्राला पटेल असं उत्तर कुठेच नव्हतं. ते त्यांनी स्वतःच शोधायला घेतलं.

पोटात खरंच पोकळी तयार होते का?

१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी उड्डियान बंध आणि नौली या दोन क्रियांवर प्रयोग केले.

उड्डियानात पूर्ण श्वास सोडायचा आणि आत हवा न घेता छाती फुगवायची. पोटाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, वर उचलला जातो आणि पोट खपाटीला जातं. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढून फिरवतात. जुन्या बस्ती या क्रियेत योगी पाण्यात बसून गुदमार्गातून पाणी आत ओढून घेत. पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी वर चढतं कसं?

कुवलयानंदांनी पोटाचे एक्स-रे काढले आणि दाबमापकानं आतला दाब मोजला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होत होता. स्ट्रॉनं सरबत ओढताना जे होतं, तेच इथे होत होतं. चमत्काराची गरज उरली नाही. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्यूम.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं. प्रयोग लोकांसमोर यावेत म्हणून त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिकही सुरू केलं.

ऑक्सिजनचा समज त्यांनीच खोडला

प्राणायामाची कीर्ती तेव्हाही ऑक्सिजनवरच उभी होती. कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्यांच्या उच्छ्वासातल्या वायूंचं मोजमाप केलं. प्राणायामात शरीर भरपूर जादा ऑक्सिजन शोषून घेतं, हा समज चुकीचा आहे, असं त्यांनी उघडपणे लिहिलं. प्राणायामाचं मोल दुसरीकडे शोधायला हवं, हे त्यांचं मत होतं.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. निरोगी माणूस साधा श्वास घेत असतानाही फुप्फुसातून निघणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजननं भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून काय होणार? शरीराला किती ऑक्सिजन लागतो हे चयापचयावर, म्हणजे पेशी किती काम करतात यावर ठरतं. जोरजोरात श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर जातो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं.

येल विद्यापीठातले संशोधक कोवूर बेहनन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात येऊन राहिले, योग शिकले. १९३७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. प्राणायामानंतर मन शांत होतं, पण बौद्धिक चाचण्या सोडवण्याचा वेग लगेच काही काळ मंदावतो, असंही त्यांना दिसलं होतं. तेही त्यांनी लपवलं नाही.

सगळंच सिद्ध झालं का?

नाही. सर्वांगासनानं थायरॉइड ग्रंथीला रक्तपुरवठा वाढून ती निरोगी राहते, असं कुवलयानंदांनी लिहिलं होतं. ग्रंथींचं शास्त्र तेव्हा नवं होतं आणि हा त्यांचा तर्क होता. आज थायरॉइडच्या आजारात डॉक्टर टीएसएच तपासतात, गरजेप्रमाणे गोळी देतात. आसन हा त्या गोळीला पर्याय ठरलेला नाही. उड्डियान आणि नौलीत पोटातला दाब मोठ्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे गरोदरपणात, हर्निया किंवा अल्सर असताना त्या करू नयेत असं सांगितलं जातं.

मात्र उपचाराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी फक्त आसनांपुरती नव्हती. १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास होत असताना महात्मा गांधींनी त्यांचा सल्ला घेतला होता. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. पुढे १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांचं योगचिकित्सेवरचं पुस्तक प्रकाशित केलं. त्यात मनाची ठेवण, स्नायू आणि ग्रंथींचं काम यांच्याबरोबर योग्य आहार आणि शरीरातल्या टाकाऊ पदार्थांचं नैसर्गिक उत्सर्जन यावर भर आहे.

या आहारविचाराचं मूळ जुनं आहे. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवावं, असा मिताहार हठप्रदीपिकेत सांगितलाय. मधुमेह, लठ्ठपणा आणि वाढत्या रक्तदाबाच्या काळात, गरजेपेक्षा जास्त खाऊ नका, हे सांगायला कुठलाही डॉक्टर कचरणार नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचं निधन झालं. कैवल्यधाम आजही लोणावळ्यात सुरू आहे. तिथे योग शिकवला जातो, उपचार होतात आणि संशोधनही चालतं.

त्यामुळे एखाद्या श्वासानं ऑक्सिजन दुप्पट होतो, असं सांगणारं रील पुढच्या वेळी समोर आलं, तर शेअर करण्याआधी कुवलयानंदांचा प्रश्न विचारा. हे मोजलं कुणी आणि कशानं?