सानेगुरुजी आणि वसतिगृहातला सण

दिवाळीची सुट्टी जवळ आली की तलासरी-डहाणूकडच्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत एकच चर्चा चालते. सुट्टी किती दिवसांची आणि न्यायला कोण येणार? ज्यांचे पाडे जवळ आहेत त्यांना फिकीर नाही. पण भात कापून झाला की आपल्याकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. ती परततात थेट होळीला. काही जण दिवाळीआधीच निघतात. मग अशा घरचे पोर पेटी भरून दाराशी बसते आणि पाड्यावर घराला कुलूप असते, नाही तर एकटी आजी असते. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलाचे हे दुःख ज्याने लहानपणी भोगले आणि पुढे जन्मभर दुसऱ्यांसाठी लक्षात ठेवले, असा एक मोठा माणूस कोकणातच होऊन गेला. त्यांचे नाव सानेगुरुजी.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड गावी झाला. घराणे खोतांचे. एके काळी भरभराट होती, पण पुढे कर्ज वाढले, भाऊबंदकी आली आणि राहत्या घरावर जप्ती आली. सावकाराचे कर्ज म्हणजे काय ते आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. अशा ओढगस्तीतही आई यशोदाबाईंनी मुलाला शिकवायचे सोडले नाही. पालगडला पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून त्याला दापोलीच्या इंग्रजी शाळेत घातले.

दापोलीच्या दिवसांतली एक हकीगत गुरुजींनी श्यामच्या रूपाने सांगितली आहे. धाकट्या भावाचा कोट फाटला होता आणि घरी नवा शिवायची ऐपत नव्हती. वडील खाऊला म्हणून जे चार पैसे देत, ते श्यामने खर्च केले नाहीत. आणा-आणा साठवला, कापड घेतले, शिंप्याकडून कोट शिवून घेतला आणि गणेशचतुर्थीला घरी निघाला. पाऊस मुसळधार, वाटेतल्या ओढ्याला लोंढा. पोरगा बगलेत कोट धरून पाण्यात उतरला आणि कसाबसा पलीकडे गेला. घरी पोचल्यावर आईने पहिली चौकशी केली ती पैसे कुठून आणले याची. कोणाचे घेतले नाहीत ना, चोरी केली नाही ना, याची खात्री झाल्यावर तिचे डोळे भरून आले. गरिबाघरचा सण कसा असतो ते बघा. तिथे पक्वान्नाला महत्त्व नाही. परगावी राहणाऱ्या पोराने घरची आठवण ठेवली, हाच त्या घरचा गणपती.

पुढे दापोलीचा खर्चही झेपेना. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून पांडुरंग तिकडे गेला. तिथे हाताने स्वयंपाक करायचा, कधी अर्धपोटी झोपायचे, पण अभ्यास चालू ठेवायचा. औंधला प्लेग आला तेव्हा पुण्याची वाट धरली. नूतन मराठी विद्यालयात असताना, १९१७ साली आई वारली. तिची शेवटची भेटही झाली नाही. आता सणाला धावत जावे अशी ओढ राहिली नव्हती. त्या काळात या मुलाला धरून ठेवले ते सोबत्यांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनी. मित्राच्या घरी मिळालेले घासभर अन्न आणि दोन गोड शब्द यांची किंमत काय असते, हे गुरुजी तेव्हा शिकले.

१९१८ साली ते मॅट्रिक झाले. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून १९२२ साली बी.ए. आणि १९२४ साली तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले. एवढे शिकलेला माणूस मोठ्या नोकरीच्या मागे लागला असता. गुरुजी मात्र त्याच वर्षी खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी आपले सगळे बालपण त्या कामात ओतले. मुलांच्या खोल्या झाडाव्यात, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालाव्यात, मळके कपडे धुऊन टाकावेत, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढावी, हे सारे ते न बोलता करत. मुलांसाठी हाताने लिहून रोज एक दैनिकही काढत. काही दिवसांत मुलांना स्वतःचीच लाज वाटू लागली आणि पोरे आपली कामे आपण करू लागली. आई जवळ नसलेल्या मुलाला आईसारखे बघणारे कोणी तरी हवे, एवढे साधे त्यांचे शास्त्र होते.

१९३० साली नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे निरनिराळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही होते. एका आवारात राहून एकमेकांची भाषा येत नाही याची गुरुजींना खंत वाटली आणि ते तिथे तमिळ शिकू लागले. पुढे त्यांनी मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज यातच आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकत्र राहावे, एकमेकांची भाषा, जेवण, सणवार ओळखावे, असे त्यांना वाटे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली.

शेतकऱ्यांसाठीही ते झटले. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना एकत्र केले. पण त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड काम पंढरपूरला झाले. वारीला सारे महाराष्ट्र लोटते, पण अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेल्या वारकऱ्याने मात्र पायरीपासूनच परत फिरायचे. काही भावांना दाराबाहेर ठेवून होणारा सण गुरुजींना सण वाटेना. त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहाव्या दिवशी, मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर ते सुटले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

गुरुजींचे चरित्र दर वर्षी शाळेत सांगितले जाते, भाषणे होतात, फोटोला हार पडतो. आपण त्यातून एक छोटीच गोष्ट घेतली तरी पुष्कळ. सुट्टी लागण्याआधी सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी पाड्या-पाड्यावर विचारपूस करावी. कोणाचे आईबाप कामाला बाहेर गेले आहेत, कोणाचे पोर वसतिगृहातच राहणार आहे, याची यादी शाळेला द्यावी. पालकांची संमती आणि गृहपालांकडे रीतसर नोंद करून अशा मुलाला सोबत्याच्या घरी वाघबारसेला, दिवाळीला नेता येते. आपल्या घरी त्या दिवशी नवा भात शिजतोच, काकडी किसून पिठात कालवून पानात उकडतातच, रात्री तारपा वाजतोच. त्यात एका पोराचा वाटा जड नाही.

जे पोर सणाला एकटे पडते, त्याचे मन शाळेतून उडते आणि ते भट्टीची वाट धरते. ज्याला सोबत्याच्या घरी मायेने बसवून जेवू घातले, ते सुट्टी संपली की पेटी उचलून पुन्हा शाळेत येते. पालगडचा असाच एक मुलगा शाळेत टिकला, म्हणून महाराष्ट्राला सानेगुरुजी मिळाले.