न ओरडता जिंकायला शिकवणारे सर : कार्विन जेम्स

तालुक्यातल्या क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या की कुठल्याही मैदानावर जा, एक आवाज हमखास कानावर पडतो. रेषेबाहेर उभे राहून घसा फोडणाऱ्या मार्गदर्शकांचा. पोरगं चुकलं की सगळ्या मैदानासमोर त्याची इज्जत काढायची, हीच आपल्याकडची शिकवणी. मी पण कबड्डी खेळलोय आणि बोलणी पोटभर खाल्लीत. त्यामुळं आवाज न चढवता जगातला सगळ्यात तगडा संघ हरवणारे एक मास्तर होऊन गेले, हे कळलं तेव्हा पटकन खरं वाटेना. रात्री पिकाला पाणी धरताना मोबाईलवर त्यांच्याबद्दल सापडेल ते वाचत गेलो. मंडळी, आज त्यांचीच गोष्ट.

नाव कार्विन जेम्स. देश वेल्स. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटून असलेला हा छोटा डोंगराळ मुलूख. खेळ रग्बी.

रग्बी आपल्या भागात फार कुणी पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एका बाजूला १५ गडी. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. समोरचे गडी कबड्डीसारखी पकड करून आडवं करणार. उंच खांबांच्या मधून चेंडू लाथेनं मारला तरी गुण मिळतात. आणि गंमत अशी, की हातानं चेंडू पुढं फेकता येत नाही, मागच्या किंवा बाजूच्या गड्याकडेच द्यावा लागतो. म्हणजे हा एकट्याचा खेळच नाही.

खाणीच्या गावातला पोरगा

कार्विन यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ चा, केव्हनाइथिन नावाच्या खेड्यातला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आई-वडिलांचं मूळ गाव ऱ्हिडल्यूइस, ते शेतीच्या पट्ट्यातलं. पोट भरायला कुटुंब खाणींच्या भागात आलं आणि तिथलंच झालं. आपल्याकडं उसाच्या तोडीला किंवा मुंबईच्या गिरण्यांत गेलेली घरं आठवा, तसंच. सुट्टी लागली की कार्विन ऱ्हिडल्यूइसला जायचे आणि नातेवाइकांच्या शेतावर रमायचे. पुढं मोठं नाव झालं तरी ती माती ते विसरले नाहीत.

घरात बोली वेल्श. ही त्यांची मायबोली, इंग्रजीपेक्षा साफ वेगळी. एके काळी शाळेत वेल्श बोललं तर पोरांना शिक्षा व्हायची. शिकायचं तर इंग्रजीतच, पुढं जायचं तर इंग्रजीतच, असा सगळा मामला. अशा काळाच्या मागोमाग वाढलेल्या या पोरानं अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजात जाऊन वेल्श भाषाच शिकायला घेतली. नंतर सक्तीच्या लष्करी सेवेत ते नौदलात गेले. तिथं त्यांना रशियन भाषा शिकवली, ती पण आत्मसात केली. भाषेची गोडी अशी, की जन्मभर पुस्तकं आणि रग्बी या दोन्हींत त्यांनी कधी भेद केला नाही.

खेळाडू म्हणून ते लानेली शहराच्या क्लबकडून खेळले. अंगानं काही पहिलवान नव्हते. पण समोरचा काय करणार हे आधी ओळखायचे आणि पायाची चपळाई भारी होती. तरी वेल्सच्या संघात त्यांना फक्त २ सामने मिळाले, ते पण १९५८ साली. कारण साधं होतं. त्यांच्या जागेवर क्लिफ मॉर्गन नावाचा त्या काळातला नामांकित खेळाडू ठाण मांडून होता. आपल्या गावात पण असे किती जण असतात बघा, गुण असून जागा न मिळालेले. काही जण त्या दुःखात कुढत बसतात. कार्विन शिकवायला लागले.

वर्गात मास्तर, मैदानात मास्तर

लँडव्हरी कॉलेजात ते बरीच वर्षं होते. नावात कॉलेज असलं तरी ती मुलांची निवासी शाळा. तिथं ते वर्गात वेल्श साहित्य शिकवायचे आणि मैदानावर रग्बी. पुढं कार्मार्दनच्या ट्रिनिटी कॉलेजात, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात, प्राध्यापक झाले. त्याच काळात लानेली क्लबचे प्रशिक्षक म्हणूनही त्यांचं नाव झालं.

त्यांची पद्धत निराळी होती. आपण तिला साधं विचारणं म्हणू. हा डाव असा का खेळलास, दुसरं काय करता आलं असतं, तुला काय वाटतं, असं ते खेळाडूलाच विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचे. दहा जणांना एकाच काठीनं हाकायचं नाही. एखाद्याला धीर हवा असेल तर धीर, एखाद्याला मोकळीक हवी असेल तर मोकळीक. मातीचा पोत बघून पीक घ्यावं, तसं माणूस बघून ते शिकवायचे.

याचा अर्थ ते मऊ होते असा नाही. जानेवारी १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ लानेलीविरुद्ध खेळायला आला. त्या देशात तेव्हा कातडीच्या रंगावरून माणसं वेगळी ठेवायचा कायदा होता. आपल्या संघात काळ्या माणसाला ते जागा देत नव्हते. कार्विन सरांना हे मान्य नव्हतं, पण आपलं मत त्यांनी खेळाडूंवर लादलं नाही. संघाची तयारी करून घेतली, सामन्याआधी पोरांशी बोलले, आणि पोरं मैदानात उतरल्यावर स्वतः कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिले. सामना बघायला बाहेर आलेच नाहीत. लानेली ९-१० असा एका गुणानं हरला.

त्याच वर्षी ते वेल्सच्या हक्कांसाठी लढणाऱ्या प्लाइड कम्री पक्षाकडून लानेलीत संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले. मजूर पक्षाचा तो बालेकिल्ला. आठ हजारांवर मतं मिळाली, निवडून आले नाहीत.

१९७१ : न्यूझीलंडच्या घरात जाऊन

इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स या चौघांचे निवडक खेळाडू मिळून एक संघ बनतो, त्याला लायन्स म्हणतात. १९७१ साली हा संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला आणि प्रशिक्षक होते कार्विन जेम्स. वेल्सच्या राष्ट्रीय संघाला त्यांनी कधी शिकवलेलं नव्हतं, तरी ही जबाबदारी मिळाली. न्यूझीलंडचा संघ म्हणजे ऑल ब्लॅक्स, काळ्या कपड्यातले. त्यांच्या घरात जाऊन मालिका जिंकणं लायन्सला तोवर एकदाही जमलेलं नव्हतं.

दौऱ्याची सुरुवातच हारीनं झाली. वाटेत ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडनं ११-१५ असं पाडलं. पण नंतर गाडी रुळावर आली. चार देशांची माणसं, कुणी डॉक्टरकी शिकलेला, कुणी शेतकरी, कुणी मास्तर. सरांनी सगळ्यांचं ऐकलं. पुढच्या फळीतले बारकावे रे मॅक्लॉक्लिन या आयरिश खेळाडूला जास्त कळतात, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं आणि ते काम त्याच्यावर सोपवलं. प्रशिक्षकाला सगळंच यायला पाहिजे, असा हट्ट नाही.

बॅरी जॉन हा सरांच्याच गावचा पोरगा, वयानं १५ वर्षांनी लहान. खेळ जादूचा, पण कसरतीचा कंटाळा. दुसऱ्या कुणी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. सरांनी त्याला त्याच्या तऱ्हेनं राहू दिलं. त्यानं पण त्या दौऱ्यात असा खेळ केला की न्यूझीलंडच्या लोकांनी त्याला राजा म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कँटरबरीविरुद्धचा सामना हाणामारीचा झाला. सँडी कार्मायकल आणि तोच रे मॅक्लॉक्लिन, दोघं जायबंदी होऊन दौऱ्याबाहेर गेले. आता पुढची फळी उभी कशी करायची? राखीव खेळाडू आत आले. त्यातल्याच इयन मॅक्लॉक्लन यानं पहिल्या कसोटीत समोरच्याची किक अंगावर घेऊन अडवली आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवला. लायन्स ९-३ नं जिंकले.

दुसरी कसोटी १२-२२ अशी हरले. सरांनी आदळआपट केली नाही. चूक शोधली. सिड गोइंग हा न्यूझीलंडचा चलाख खेळाडू सगळा खेळ फिरवतोय हे हेरलं आणि त्याला आवरायला डेरेक क्विनेलला तिसऱ्या कसोटीत घेतलं. या क्विनेलला वेल्सनं तोवर एकदाही खेळवलेलं नव्हतं! तिसरी कसोटी १३-३ नं खिशात. चौथी, १४ ऑगस्ट १९७१ ला ऑकलंडमध्ये, १४-१४ बरोबरीत सुटली आणि मालिका लायन्सची झाली. आज पन्नास वर्षं उलटून गेली, पण न्यूझीलंडमध्ये लायन्सनं जिंकलेली ती एकच मालिका आहे.

लानेलीचा ९-३

पुढच्याच वर्षी ऑल ब्लॅक्स वेल्समध्ये आले. ३१ ऑक्टोबर १९७२, मंगळवार. स्ट्रेडी पार्क मैदानावर लानेली विरुद्ध न्यूझीलंड. एका बाजूला पत्र्याच्या कारखान्यांचं आणि खाणींचं गाव, दुसऱ्या बाजूला अख्खा देश. सरांनी कित्येक महिने आधीपासून या एका सामन्याची मशागत केली होती. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि फिल बेनेटनं मारलेला चेंडू आडव्या दांडीला लागून परत आला. न्यूझीलंडचा गडी तो लांब मारायला गेला, तर रॉय बर्जियर्सनं पुढं घुसून अडवला आणि टेकवला. बेनेटनं वरचे दोन गुण घेतले. नंतर अँडी हिलनं लांबून एक किक घातली. शेवटी आकडा ९-३. कर्णधार डेल्मे थॉमसला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्या रात्री गावातल्या दुकानांतली बिअर संपली असं आजही सांगतात. तिथली म्हातारी माणसं अजून तो आकडा असा सांगतात, जसा आपल्याकडं गावच्या पैलवानानं मारलेलं मैदान सांगावं.

आणि आपल्याच देशाचा संघ मिळाला नाही

एवढं झाल्यावर वेल्सचा राष्ट्रीय संघ त्यांच्याकडं येणार, असं कुणालाही वाटेल. १९७४ मध्ये ती जागा मोकळी झाली. पण संघ निवडायचा अधिकार तिथं पाच जणांच्या समितीकडं होता. सरांचं म्हणणं होतं, की शिकवणार मी, तर कोण खेळणार हे ठरवताना शेवटचा शब्दही माझा पाहिजे. संघटनेला ते पचणारं नव्हतं. सरांनी आपलं नाव मागं घेतलं. ती जागा गेली जॉन डॉजकडं, म्हणजे १९७१ चा त्यांचाच कर्णधार. वेल्स नंतर भरपूर जिंकलं, पण कार्विन जेम्स वेल्सचे प्रशिक्षक कधीच झाले नाहीत.

सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या माणसाचं ऐकायला त्याच्या देशात कुणी बसलं नाही, हे मला फार लागलं. ते हट्टी होते असं कुणी म्हणेल. असतील. पण बियाणं दुसऱ्यानं निवडायचं आणि पीक आलं नाही की जाब शेतकऱ्याला विचारायचा, हा व्यवहार आपल्यापैकी कुणाला मान्य होईल?

पुढं ते इटलीला गेले. रोव्हिगो नावाच्या गावच्या संघाला शिकवलं आणि १९७९ मध्ये तिथलं अजिंक्यपद मिळवून दिलं. मायदेशी परतल्यावर रेडिओ, टीव्ही आणि वर्तमानपत्रांत रग्बीवर बोलत-लिहीत राहिले.

शेवट

सरांनी लग्न केलं नाही. कातडीच्या आजारानं जन्मभर छळलं. अंगाची आग व्हायची, झोप लागायची नाही. सिगारेट आणि दारू वाढत गेली. हजारो लोक ओळखणारे, दारात कायम माणसं, आणि तरी रात्री माणूस एकटा. १० जानेवारी १९८३ ला नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका हॉटेलात, खोलीत एकटे असताना त्यांचं निधन झालं. हृदयविकाराचा झटका. वय अवघं ५३.

प्रत्येक खेळाडूला काय हवंय हे ओळखणाऱ्या माणसाला स्वतःला काय हवं होतं, हे कुणी विचारलं असेल का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

याचं कारण आमचेच मास्तर. आम्हाला शाळेत कबड्डी शिकवणारे एक सर होते. ओरडायचे, पण सामन्याला जाताना एसटीच्या तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून घालायचे आणि येताना प्रत्येकाला भेळ. आता निवृत्त झालेत. पोरं शहरात, बाई वारल्या. संध्याकाळी ओट्यावर बसलेले दिसतात. शिक्षक दिनाला आम्ही त्यांचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवतो आणि रस्त्यानं गाडीवरून जाताना नुसता हात करतो.

हे लिहायला घेतलं त्या दिवशी गाडी थांबवली. तासभर त्यांच्याजवळ बसलो. गुडघे दुखतात म्हणाले, बाकी बोलणं सगळं १९९६ च्या आमच्या जिल्हा फायनलचं. कोण कुठल्या कोपऱ्यात उभा होता, हे अजून त्यांना पाठ आहे. उठताना परत कधी येतोस म्हणून विचारलं. रविवारी येतो म्हणालोय. तुमच्या गावात पण असे एक सर असतीलच.